तिसऱ्यांदा लागलेलं गाणं

ऑक्टोबर १९८४. लंडनमध्ये एका नव्या बँडचं पहिलं सिंगल बाजारात आलं, ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत १३७व्या क्रमांकापर्यंत रखडत गेलं आणि तिथूनच परत फिरलं. तिथे सगळी चर्चा पहिल्या चाळिसांची. त्यामुळे १३७वा नंबर म्हणजे लग्नाच्या पंगतीत बसलोय, पण मांडवाबाहेर, अशातला प्रकार.

ऑक्टोबर १९८५. तेच गाणं, तीच चाल, तोच गळा. १९ तारखेच्या आठवड्यात अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिला नंबर. नॉर्वेतल्या कुणालाही तोवर ते जमलं नव्हतं.

गाणं ‘टेक ऑन मी’, बँड ‘आ-हा’. मधल्या वर्षात काय झालं, याचं तयार उत्तर सगळ्यांकडे असतं : व्हिडिओ. पेन्सिलीने काढलेला तो हात कॉमिकच्या पानातून बाहेर येतो, कॅफेत बसलेल्या मुलीला आत खेचतो आणि गाणं जगभर जातं. मी पुण्यात ॲनिमेशन शिकवतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना दर जुलैत हा व्हिडिओ दाखवून हेच सांगत आलो होतो. चितारण्यात किती ताकद असते ते बघा, पडलेलं गाणं उठवलं वगैरे. दोन-तीन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, “सर, पण पडलं ते हेच गाणं होतं का?” मी म्हटलं, हो. घरी येऊन दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ लावली तेव्हा कळलं, की मी तिला धड उत्तर दिलेलं नाही. हे टिपण त्या उत्तरासाठी.

आधीची सहा-सात वर्षं

माग्ने फुरुहोल्मन कीबोर्ड वाजवायचा, पॉल वाक्तार गिटार. दोघं ऑस्लोचे, शाळकरी वयापासूनचे जोडीदार. त्यांचा पहिला बँड ‘ब्रिजेस’. त्याची १९८०ची एक रेकॉर्डही आहे, ‘डोअर्स’ या अमेरिकन रॉक बँडच्या वळणाची, अंधारी, गंभीर. माग्नेने पंधराच्या आसपास वय असताना कीबोर्डवर एक छोटी सुरावट बांधली होती. टणाटण उड्या मारणारी. ब्रिजेसच्या गंभीर चेहऱ्याला ती शोभेना. च्युइंगगमच्या जाहिरातीसारखी वाटते म्हणून तिचं नावच ‘ज्युसी फ्रूट साँग’ पडलं. कॉलेजात सगळ्यांनाच आपलं काम गंभीर वाटायला हवं असतं. चांगली उडती चाल अशा वयात अडगळीत जाते. पुढे मॉर्टेन हार्केट हा गायक त्यांना येऊन मिळाला आणि ती सुरावट ऐकल्यावर हिला सोडू नका म्हणाला. गाण्याचं नाव काही काळ ‘लेसन वन’ होतं, मग ‘टेक ऑन मी’ झालं. हे इंग्रजी ऐकायला जरा वाकडंच आहे. नॉर्वेच्या पोरांनी शब्दकोश हाताशी ठेवून लिहिल्यासारखं. पण ओठांवर बसतं.

वाक्तारने मग एक युक्ती केली. हार्केटचा गळा अडीच सप्तकांहून जास्त फिरतो, तर तो सगळाच्या सगळा एकाच ओळीत दाखवू. ध्रुवपदाचा पहिला शब्द खर्जाच्या षड्जावर. तिथून ओळ पायरी पायरीने चढत जाते आणि शेवटी गायक चोरट्या आवाजात शिरून थेट तार सप्तकातला पंचम लावतो. पेटीवर वाजवून बघायचं असेल तर पांढरी सहाचा सा धरा. गायला जाऊ नका. आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये दर दोन-तीन वर्षांनी एक तरी मुलगा प्रयत्न करतो आणि शेवटच्या पायरीवरून घसरतो.

बँडचं नाव वाक्तारच्या वहीतल्या एका गाण्याच्या शीर्षकावरून घेतलं. आपल्याला ते उच्चारताना मजा वाटते, कारण आपल्याकडे ‘आहा!’ म्हणजे पहिला घास आवडला. त्यांना फक्त कुठल्याही भाषेत म्हणता येईल असा शब्द हवा होता.

१९८३च्या सुरुवातीला तिघं लंडनला आले. खिशात फारसं काही नव्हतं. जॉन रॅटक्लिफ याचा स्टुडिओ त्यांनी निवडला, त्याचं कारण तिथे ‘स्पेस इन्व्हेडर्स’ या व्हिडिओ गेमचं यंत्र होतं हे सांगितलं जातं, आणि मला ते खरं वाटतं; वीस-बावीसच्या मुलांचे निर्णय असेच होतात. रॅटक्लिफने त्यांना उचलून धरलं, टेरी स्लेटर या जाणत्या माणसाला आणून ऐकवलं. स्लेटर मॅनेजर झाला आणि वॉर्नर कंपनीशी करार झाला.

पहिलं मुद्रण, दुसरं मुद्रण

पहिल्या मुद्रणाचा निर्माता टोनी मॅन्सफील्ड. त्याचा हातखंडा फेअरलाइटवर, म्हणजे त्या काळच्या अतिमहाग संगणकी वाद्यावर. हे मुद्रण आज शोधून ऐकता येतं. वाईट नाही. पण सगळं यंत्राच्या काचेपलीकडून आल्यासारखं, आणि ठेका असा सपाट की हार्केट वर चढतो तेव्हा खाली जमीनच नसते. त्याच्यासोबतचा व्हिडिओ म्हणजे निळ्या पडद्यासमोर बँड उभा राहून गाणं म्हणतोय. बस. मायदेशी, नॉर्वेत, हे मुद्रण तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. ब्रिटनमध्ये १३७.

रॅटक्लिफ आणि स्लेटर कंपनीच्या मागे लागले की पुन्हा मुद्रण करू द्या. नवा निर्माता ॲलन टार्नी. क्लिफ रिचर्डला १९७९मध्ये मोठं हिट लिहून देणारा हाच. टार्नीने शहाणपणाची गोष्ट केली : बँडच्या मूळ डेमोत, म्हणजे नमुन्यादाखल केलेल्या कच्च्या मुद्रणात, जी धग होती ती शोधली आणि फार हुशारी न करता तिथेच राहिला. सुरावट पुढे आली, ठेक्याला दम आला, गळ्याला जागा मिळाली. आज रेडिओवर, रिक्षात, मॉलमध्ये जे वाजतं ते हे मुद्रण.

आणि आता या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी, पण सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट. हे नवं, चांगलं मुद्रण १९८५मध्ये ब्रिटनमध्ये काढलं गेलं, आणि तेही पडलं. वॉर्नरच्या लंडन ऑफिसला त्यात फारसा रस उरला नव्हता. एकदा पडलेल्या घोड्यावर दुसऱ्यांदा पैसे कोण लावणार? चितारलेला व्हिडिओ अजून आलेला नव्हता.

म्हणजे नकळत एक प्रयोग घडून गेला. जुनं मुद्रण, साधा व्हिडिओ : पडलं. नवं मुद्रण, नव्या व्हिडिओशिवाय : तेही पडलं. प्रयोगशाळेत कुणी ठरवून मांडावं इतकं नीट. पण याच्याकडे नंतर येतो, कारण त्यात एक भोक आहे.

तीन हजार कागद

गाणं वाचवलं ते अमेरिकेतल्या ऑफिसने. कॅलिफोर्नियात वॉर्नरच्या दृश्य बाजूचं काम बघणारा जेफ आयरॉफ नावाचा माणूस होता. त्याने मायकल पॅटरसन या तरुणाची ‘कम्यूटर’ ही १९८१ची छोटी फिल्म पाहिलेली होती. पॅटरसनने ती कॅलआर्ट्स या कलासंस्थेत शिकत असताना केली होती, पेन्सिलीच्या रेघांची. आयरॉफच्या डोक्यात ती अडकून राहिली होती. (माझ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगतो. सबमिशनसाठी केलेलं काम चार वर्षांनी कुणाच्या डोक्यात वर येईल, सांगता येत नाही. मुलं ‘हो सर’ म्हणतात आणि सबमिशन उशिरा देतात.)

दिग्दर्शक म्हणून स्टीव्ह बॅरन आला. मायकल जॅक्सनच्या ‘बिली जीन’चा व्हिडिओ करून झालेला असल्यामुळे त्याचा भाव मोठा होता. पॅटरसन आणि त्याची जोडीदार कँडेस रेकिंगर यांच्याकडे चितारण्याचं काम. आणि आयरॉफने सगळ्यात दुर्मिळ गोष्ट दिली : वेळ. गाण्याचे व्हिडिओ तेव्हा दोन-तीन दिवसांत उरकले जायचे. इथे चितारायलाच सोळा आठवडे लागले.

पद्धतीचं नाव रोटोस्कोपिंग. मॅक्स फ्लायशर या ॲनिमेटरने १९१५मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, म्हणजे तेव्हाच ती सत्तर वर्षांची म्हातारी. करायचं एवढंच : आधी खऱ्या माणसांचं शूटिंग. मग फिल्मची एकेक चौकट खालून कागदावर पाडायची आणि गिरवायची. शाळेत नकाशाच्या पुस्तकावर बटर पेपर ठेवून महाराष्ट्राचा नकाशा ज्याने उतरवलाय त्याला रोटोस्कोपिंग येतं. फक्त तो नकाशा त्याला एका सेकंदात चोवीस वेळा उतरवायला सांगा.

इथे साधारण तीन हजार चौकटी गिरवल्या गेल्या. मी वर्गात फळ्यावर हिशोब मांडतो. सोळा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस कामाचे धरले तर शहाण्णव दिवस. दिवसाला एकतीस चित्रं. एकाच हाताने काढायची म्हटलं आणि दिवसाचे दहा तास धरले, तर एका चित्राला वीस मिनिटंसुद्धा मिळत नाहीत; आणि या चित्रात तोंड, केस, बोटं, चामडी जाकिटाच्या चुण्या, सगळं आलं. आमच्याकडे पहिल्या सत्रात चालत्या माणसाचा एक सेकंद करायला देतो. लाइट बॉक्सवर कागद ठेवून, पेग बारला अडकवून. बाराव्या कागदाच्या आसपास माणसाचं डोकं कलिंगडाएवढं झालेलं असतं आणि मुलांचा आवाज बंद झालेला असतो.

आणखी एक गोष्ट हाताने काम केल्यावरच कळते. सलग दोन कागदांवर तीच रेघ तंतोतंत त्याच जागी कधी येत नाही. केसभर इकडे, केसभर तिकडे. चालवून बघितलं की रेघ थरथरते. आम्ही म्हणतो रेघ उकळते. नेहमीच्या कार्टूनपटात हा दोष. साफ करण्यासाठी वेगळी माणसं बसवतात. पॅटरसनने तो दोष ठेवला, किंबहुना वाढवला; सावल्यांच्या जागी पेन्सिलीचे फराटे मारले, आणि ते दर चौकटीला बदलत राहिले. गाण्याचा ठेका मिनिटाला १६९ मात्रांचा, धावता. त्याच्यावर ती उकळती रेघ अशी बसली की चित्रातला माणूस स्तब्ध उभा असला तरी दम लागलेला वाटतो. माझ्या मते व्हिडिओचं सगळं यश या एका निर्णयात आहे. गोष्ट नंतर येते.

गोष्ट तशी साधी आहे. लंडनच्या वँड्सवर्थ रोडवरचा एक खराखुरा कॅफे. एक मुलगी (बंटी बेली) कॉफी घेऊन कॉमिक वाचत बसलीय, साइडकारवाल्या मोटरसायकलींच्या शर्यतीचं. चित्रातला नायक तिला डोळा मारतो. हात बाहेर येतो. ती आत जाते आणि स्वतःही पेन्सिलीची होते. आतल्या जगात एक रिकामी चौकट उभी आहे, आणि तिच्यातून पाहिलं की पलीकडचं माणूस हाडामांसाचं दिसतं. चौकटीबाहेरचं सगळं रेघांचं. दोघं त्या चौकटीभोवती फिरतात, कधी हा खरा, कधी ती खरी. ते पाच-सात क्षण मी मुलांना एकेक चौकट थांबवत दाखवतो. कुठे शूटिंगची फिल्म संपते आणि कुठे कागद सुरू होतो तो सांधा शोधा म्हणतो. सापडतो, पण शोधावा लागतो.

मग बाहेर, खऱ्या जगात, वेट्रेसला वाटतं की गिऱ्हाईक पैसे बुडवून पळालं. ती चिडून कॉमिक चुरगाळते आणि टोपलीत टाकते. आत, कॉमिकमध्ये, लोखंडी पाना घेतलेले गुंड मागे लागतात, कागदाचा रस्ता संपतो, नायक भिंतीचा कागद फाडून मुलीला बाहेर ढकलतो. ती टोपलीशेजारी सापडते, चुरगाळलेलं पान उचलून घरी पळते आणि हाताने सुरकुत्या काढत बसते. हा सुरकुत्या काढण्याचा शॉट मला व्हिडिओतला सगळ्यात खरा वाटतो. पुढे नायक तिच्या बोळात अर्धा रेघांचा, अर्धा माणसाचा, भिंतींवर अंग आपटत आपटत माणूस होतो. ही आपटाआपटी बॅरनने ‘ऑल्टर्ड स्टेट्स’ या १९८०च्या चित्रपटावरून घेतलेली.

एम टीव्ही तेव्हा चार वर्षांची होती, तिला चोवीस तास भरायला माल लागायचा, आणि हा माल पुन्हा पुन्हा बघावासा वाटणारा. अमेरिकेत वॉर्नरने आधी व्हिडिओ सोडला आणि रेकॉर्ड मागाहून दुकानात आणली, म्हणजे भूक आधी, पान नंतर. जुलैत गाणं यादीच्या तळाला शिरलं आणि तीन महिने चढत चढत ऑक्टोबरात टोकाला पोचलं. त्यानंतर ब्रिटनमध्ये ते तिसऱ्यांदा काढण्यात आलं आणि यावेळी दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पहिल्या क्रमांकावर जेनिफर रशचं ‘द पॉवर ऑफ लव्ह’ ठाण मांडून बसलं होतं, नाहीतर तिथेही गंगेत घोडं न्हालं असतं.

मग श्रेय कुणाचं?

आता ते भोक. तीन प्रयत्न झाले, पण चौथी जोडी कुणी करून पाहिलीच नाही : जुनं मुद्रण आणि नवा व्हिडिओ. ती झाली असती तर कळलं असतं की चित्रांनी एकट्याने किती ओझं उचललं. ती नाही, त्यामुळे ‘व्हिडिओने गाणं तारलं’ हे वाक्य अर्ध्यापेक्षा जास्त सिद्ध करता येत नाही. नवं मुद्रण एकटं पुरेसं नव्हतं, एवढं दिसतं. नवा व्हिडिओ एकटा पुरला असता का, हे दिसत नाही.

मला स्वतःला वाटतं, नसता पुरला. कारण व्हिडिओ पहिल्यांदा डोळ्यांनी बघतात, पण पाचव्यांदा कानांनी. विसाव्या वेळी तर लोक पाठ करून स्वयंपाकघरात काम करत ऐकतात. तिथे मॅन्सफील्डची काच आड आली असती. पण हे माझं मत झालं, पुरावा नव्हे. आणि नॉर्वेतला तिसरा क्रमांक माझ्या मताविरुद्ध साक्ष देतो : जुनं मुद्रणही, घरची माणसं प्रेमाने ऐकत असतील तर, चालत होतं.

ब्रिटनमधला दुसरा अपयशी प्रयत्नही वाटतो तितका स्वच्छ नाही. मुद्रण बदललं, पण पाठीशी असलेल्या ऑफिसचा उत्साह आटला होता. रेकॉर्ड काढणं आणि रेकॉर्ड विकणं यात फरक असतो. उलट अमेरिकेत गाण्याच्या माथ्यावर आधीच्या अपयशाचा शिक्का नव्हता, एम टीव्ही होती, वेळ आणि पैसा देणारा आयरॉफ होता. हे सगळं व्हिडिओबरोबरच आलं. त्यातून फक्त पेन्सिल वेगळी काढून ‘हिने केलं’ म्हणणं मला आता जड जातं. त्या मुलीला आज उत्तर द्यायचं तर मी म्हणेन : पडलं ते हेच गाणं होतं, पण हे मुद्रण नव्हतं, मग हे मुद्रणही पडलं, आणि मग एका मोठ्या कंपनीच्या एका ऑफिसने दुसऱ्या ऑफिसचं ऐकलं नाही.

पेन्सिलीच्या बाजूने मात्र एक साक्षीदार उभा करतो. १९८६च्या एम टीव्ही पुरस्कारांत या व्हिडिओला आठ नामांकनं आणि सहा पारितोषिकं मिळाली : दिग्दर्शन, संकल्पना, विशेष दृश्यपरिणाम, प्रेक्षकांची पसंती वगैरे. पण वर्षातला सर्वोत्तम व्हिडिओ? तो मान ‘डायर स्ट्रेट्स’च्या ‘मनी फॉर नथिंग’ला गेला. आणि त्याचाही दिग्दर्शक स्टीव्ह बॅरनच. एकाच वर्षात एकाच माणसाने एक व्हिडिओ शिसपेन्सिलीने करवून घेतला आणि दुसरा संगणकाने; त्यात संगणकावर घडवलेली ठोकळ्यांसारखी माणसं फ्रिज उचलत फिरतात. परीक्षकांनी भविष्याला मत दिलं, आणि त्या काळी ते बरोबरच होतं. आज दोन्ही शेजारी शेजारी लावले की मुलं संगणकवाल्याला हसतात. प्रेमाने, पण हसतात. पेन्सिलीच्या वेळी वर्ग गप्प असतो. तंत्र जितकं ताजं तितकं ते लवकर शिळं होतं. १९१५ची रेघ १९८५मध्येही जुनीच होती, त्यामुळे तिला आणखी जुनं व्हायला जागाच नव्हती.

बिल

मी हा व्हिडिओ पहिल्यांदा बघितला तो १९९२मध्ये, मिरजेला मामाकडे. केबलवाल्याने नुकतंच स्टार टीव्हीचं कनेक्शन दिलं होतं आणि त्यात एम टीव्ही यायची. मामी म्हणाली, “हे कार्टून चांगलंय, पण हा मुलगा सारखा भिंतीवर का आपटतोय?” तोवर अमेरिकेत बँड विस्मरणात गेलेला होता, हे मला कळायला पुढे दहा वर्षं लागली.

कारण व्हिडिओचं बिल उशिरा आलं, आणि ते बँडने भरलं. पुढचंच गाणं, ‘द सन ऑल्वेज शाइन्स ऑन टीव्ही’, ब्रिटनमध्ये पहिलं आलं. त्याचा व्हिडिओ याच गोष्टीच्या शेपटीपासून सुरू होतो : नायक पुन्हा रेघांचा होतो आणि मुलीला सोडून पळत कागदात परत जातो. बॅरनने आपल्याच सुखान्ताला दीड मिनिटात फाटा दिला. अमेरिकेत ते गाणं विसाव्या क्रमांकावर थांबलं, आणि त्यानंतर तिथे पहिल्या चाळिसांत आ-हाचं एकही गाणं गेलं नाही. १९८७मध्ये जेम्स बाँडच्या चित्रपटाचं शीर्षकगीत केलं, तरी नाही. तिकडे ते कायमचे ‘पेन्सिलवाले’ झाले. युरोपात आणि ब्राझीलमध्ये उलट : १९९१च्या जानेवारीत रिओच्या माराकाना मैदानावर त्यांना ऐकायला एक लाख अठ्ठ्याण्णव हजार माणसं आली होती. एकाच बँडची दोन चरित्रं, समुद्राच्या दोन काठांवर.

मुळात हे लोक अंधारी, गिटारवाली गाणी करायला निघालेले होते, हे विसरू नका. मुलींच्या खोलीतलं पोस्टर होणं त्यांना पचलं नाही, आणि नव्वदच्या दशकात त्यांनी गिटारी परत काढल्या. माझ्या वर्गात ‘सर, हा रॉक बँड आहे का?’ असा वाद झाला की मी सांगतो, सिंथेसायझर काढून घ्या आणि मग ऐका.

ते ऐकायची संधी त्यांनीच दिली. २०१७च्या जूनमध्ये नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गिस्के या छोट्या बेटावर त्यांनी एम टीव्हीसाठीच विजेच्या वाद्यांविना मैफल केली. ‘टेक ऑन मी’ची लय निम्म्यावर आणली. ती च्युइंगगमवाली सुरावट उड्या न मारता एकेक पाऊल टाकत येते. हार्केट तेव्हा सत्तावन्न वर्षांचा होता. पंचमावर जाताना तो आवाज फेकत नाही, हळूच ठेवतो. वेग काढल्यावर कळतं की ही मुळात उदास चाल आहे, आणि १९८४पासून ती घाईत लपलेली होती. पुढच्याच वर्षी हे रूप ‘डेडपूल २’ या चित्रपटात वापरलं गेलं. २०१९मध्ये जुना व्हिडिओ मूळ ३५ मिलिमीटर फिल्मवरून नव्याने स्वच्छ करून काढला, आणि २०२०च्या फेब्रुवारीत यूट्यूबवर त्याची शंभर कोटी दर्शनं झाली.

गिस्केचं मुद्रण मला हवं असलेल्या प्रयोगासारखं वाटलं होतं. गाणं तेच, मुद्रण वेगळं, चित्र एकही नाही. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नानंतर एका रात्री दिवा बंद केला, हेडफोन लावला आणि डोळे मिटून ऐकायला बसलो. दुसऱ्या ओळीला पानातून हात बाहेर आला.